धुराची घट

हुपरी या चांदीच्या गावात कारखान्यातला केर उकिरड्यावर जात नाही. तो साठवतात आणि विकतात. झारेकरी तो धुऊन त्यातली चांदी वेगळी काढतो. कानस मारताना उडालेला कणसुद्धा कोणाच्या तरी हिशेबात असतो. माल कारागिराकडे जाताना तोलला जातो, परत आल्यावर पुन्हा तोलला जातो. मधला फरक म्हणजे घट. घट चार ग्रॅम जास्त निघाली तर आवाज चढतात.

त्याच कारखान्यात आटणीची, म्हणजे चांदी वितळवण्याची, भट्टी असते. तिचा धूर पत्र्याखालून बाहेर जातो. त्याची घट कोणी धरत नाही.

चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. मुशीतली चांदी वितळायची तर मुशीभोवतीचा जाळ तिच्याहून गरम हवा. म्हणजे भट्टीतून सुटणारा धूर हजार अंशांच्या घरात असणारच. एवढा तापलेला धूर सोडून दिला, की जाळलेल्या इंधनातली निम्म्याच्या आसपास उष्णता त्याच्याबरोबर जाते. उरलेल्या निम्म्यात विटा, मूस आणि भट्टीचे उघडे तोंड आपापला वाटा घेतात. चांदीच्या वाट्याला येते ती चिमूटभर. दहा किलो चांदी आटायला लागणारी उष्णता जेमतेम पाऊणशे ग्रॅम गॅसमध्ये असते. पाऊणशे ग्रॅम! प्रत्यक्षात किती जळतो, ते प्रत्येक कारखानदाराला ठाऊक असायला हवे. किती जणांना आहे?

गावाजवळच जवाहर साखर कारखाना आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरचा धूर थेट चिमणीत सोडत नाहीत. त्याच्याकडून आधी बॉयलरचे पाणी तापवून घेतात, मग जाळाला लागणारी हवा. चिमणीशी पोचेपर्यंत तो दीडशे अंशांच्या आसपास उतरलेला असतो. तिथे इंधन म्हणून जळतो तो घरच्याच उसाचा चोथा. तरी धूर पिळून घेतात. इकडे रोख मोजून आणलेला गॅस जाळायचा आणि हजार अंशांचा धूर वाऱ्यावर सोडायचा, हा कुठला व्यवहार?

ही विद्या नवी नाही. धुराच्या उष्णतेवर भट्टीची हवा तापवण्याचे पेटंट फ्रेडरिक सीमेन्सने १८५६ साली घेतले. चीनमधल्या काही कोळसा खाणींत मिथेनवर इंजिने चालतात आणि त्या इंजिनांच्या धुरावर वाफ आणि गरम पाणी मिळवतात. खाणीला जे सुचले, ते चांदीच्या गावाला सुचू नये?

भट्टी लहान, ती पेटते थोडा वेळ. महागडे यंत्र तिला परवडणार नाही, हे मान्य. पण भट्टीला नीट बसणारे झाकण परवडते. ब्लोअरच्या हवेची नळी धुराच्या वाटेवरून फिरवून आणणे परवडते (हवेची नळी, गॅसची नव्हे). पुढच्या घाण्याची चांदी आधी त्याच धुरावर शेकून घेता येते. दागिने धुण्याचे पाणी त्यावर तापते. चार-सहा कारखानदारांनी मिळून एकच आटणी चालवली तर भट्टी दर वेळी गारठ्यापासून तापवावी लागत नाही. ज्यांनी विजेची इंडक्शन भट्टी घेतली, त्यांचा हा प्रश्न सुटलाच.

अडते ते हिशेबाच्या सवयीत. चांदीच्या भावापुढे गॅसचे बिल क्षुल्लक वाटते, म्हणून ते किरकोळ खर्चात जाते. पण जॉबवर काम करणाऱ्याची ती चांदी स्वतःची नसते. ती व्यापाऱ्याची. काम करणाऱ्याच्या हाती पडते किलोमागची मजुरी, आणि गॅस जळतो तो त्या मजुरीतून. चांदीचा भाव वाढला म्हणून मजुरी त्या पटीत वाढत नाही. म्हणजे परक्याच्या मालाचा कण जपायचा आणि स्वतःची कमाई धुरातून सोडायची, असा हा कारभार आहे.

काटा प्रत्येक कारखान्यात आहे. पुढच्या आटणीला सिलिंडर आधी आणि नंतर तोलावा. कोळसा असेल तर कोळसा तोलावा. जो आकडा येईल तो घटीच्या वहीत, चांदीच्या घटीशेजारीच लिहावा.