मुदत

गेल्या रविवारी नंदुरबारात एका स्नेह्यांच्या ओसरीवर बसलो असता माझ्या भाचीचा विषय निघाला, आणि चहाचे पेले रिकामे होण्यापूर्वीच त्याचा निकालही लागून गेला, याचे जे दुःख मनाला लागले ते आठवडा उलटला तरी ओसरलेले नाही. भाची आणि तिचे यजमान, दोघेही नर्मदाकाठच्या डोंगरात शिक्षक. पदरी पाच वर्षांची मुलगी. यजमानांना इंग्लंडातल्या एका शाळेने विज्ञान शिकविण्यास बोलावलेले, आणि होकार-नकार कळविण्यास तीन आठवड्यांची मुदत. जमलेल्यांपैकी निम्म्यांनी "संधी दारात आली आहे, विचार कसला करायचा?" असे सांगितले, उरलेल्यांनी "डोंगरातल्या मुलांना वाऱ्यावर सोडणे शोभत नाही" असे बजावले, परंतु त्या दोघांच्या मनात काय आहे, हे एकानेही मला विचारले नाही.

हकिकत थोडक्यात अशी. 2023 साली इंग्लंडने भारतासह काही देशांतील गणित, विज्ञान आणि भाषा शिकविणाऱ्यांना तेथील शिक्षकी पात्रता मिळविण्याचा मार्ग खुला केला. त्याच वर्षी आपल्या राज्य सरकारने शिक्षणसेवकांचे मानधन वाढवून प्राथमिकला दरमहा 16,000 आणि माध्यमिकला 18,000 रुपये केले. नोकरीची पहिली तीन वर्षे त्यावरच काढावयाची. शिक्षकाने समुद्र ओलांडणे नवीनही नाही. सम्राट हैले सेलासीच्या इथिओपियातील शाळांत आपल्या देशाचे शिक्षक मोठ्या संख्येने होतेच.

मला राग आला तो कर्तव्याची आठवण करून देणाऱ्यांचा. ज्यांची स्वतःची मुले पुण्यापलीकडे राहतात आणि ज्यांनी डोंगरातल्या मोलगीच्या पुढचा रस्ता कधी पाहिलेला नाही, त्यांनी दोन तरुण जिवांच्या त्यागाची रक्कम परस्पर ठरवून टाकावी, हे मला अन्यायाचे वाटते. या दोघांनी मुलांच्या बोलीतले शब्द वहीत उतरवून पाठ केले, मगच त्यांना मराठी वाचायला शिकविले. त्यांना कर्तव्य शिकविण्याचा अधिकार आमच्या ओसरीला नाही.

म्हणून बुधवारी मी स्वतःच निघालो. अक्कलकुव्याहून मोलगी, तेथून डोंगरउतार, आणि पुढे पाण्यावरून मणिबेली, त्या दोघांच्या शाळेचे गाव. शाळा सुटेपर्यंत अवकाश होता, म्हणून वरच्या अंगाला एका वसावे कुटुंबाच्या ओट्यावर बसलो. त्या घरातल्या म्हातारबाबांनी जे सांगितले त्यापुढे इंग्लंडची चिठ्ठी काही वेळ माझ्या मनातून पार निघून गेली.

सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी 33 गावे आली त्यांतले मणिबेली अगदी पहिले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही त्याच पाण्यात गेले. 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने विस्थापितांना गुजरातेत जावे की आपल्याच राज्यात राहावे, असा पर्याय दिला होता, आणि त्या पर्यायातून मणिबेलीची कितीतरी घरे वडोदरा जिल्ह्यातल्या परवेट्याला गेली, कितीतरी डोंगराला धरून राहिली. म्हातारबाबांचा धाकटा भाऊ गेला. मोजणी, पंचनामा, यादी, अंगठा, आणि प्रत्येक कागदावर एक मुदत. पाणी मात्र कागदाची वाट न पाहता चढत होते. भावाला जमीन मिळाली, पण डोंगर नाही, नदी नाही, आणि त्याच्या नातवंडांची शाळा गुजरातीतून. बाबांची नातवंडे इथे मराठीतून शिकतात. लग्नाकार्यात मुले एकत्र येतात, आपल्या बोलीत दिवसभर हुंदडतात. परंतु एकाने पाटीवर काही लिहिले की दुसऱ्याला ते वाचता येत नाही. हे सांगताना बाबांनी बोटाने ओट्याच्या धुळीत एक रेघ ओढली, आणि ती पुसलीही नाही. भाऊ चुकला असे ते म्हणाले नाहीत. आपण बरोबर होतो असेही नाही. पाण्याने विचार करायला वेळ दिला नाही, एवढेच ते दोनदा म्हणाले.

संध्याकाळी भाचीच्या खोलीत दिवा लागल्यावर मी कोणताही सल्ला न देता नुसते विचारले. पैशाचा मुद्दा तिच्या यजमानांनी एका वाक्यात संपविला; आईवडिलांच्या डोक्यावरचे कर्ज फिटेल, म्हणाले, आणि क्षणभर थांबून, मान खाली घालून, जे खरे होते ते बोलले. आठ वर्षे विज्ञान शिकवितो आहे, पण पाण्याचा नळ आणि ज्योतीची शेगडी असलेल्या प्रयोगशाळेत एकदाही शिकविलेले नाही. पदार्थ का तरंगतो हे दाखवायला मुलांना जलाशयाच्या काठी नेतो आणि नावेकडे बोट करतो. ज्या विषयावर जीव आहे तो आयुष्यात एकदा तरी पुरा शिकवावा, अशी इच्छा आहे. या इच्छेत मला लोभाचा लवलेश दिसला नाही. यांनी इथेच राहावे असे मला वाटते, आणि फार वाटते. पण या शाळेला प्रयोगशाळा कोणी दिली नाही, याची भरपाई त्यांनी आयुष्यभर करीत राहावी, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

भाची बराच वेळ गप्प होती. "मामा, मला थंडीची भीती नाही," ती म्हणाली, "परक्या माणसांचीही नाही. ही दहा वर्षांची होईल तेव्हा आजीचं पत्र हिला वाचता येईल का, तेवढं सांगा." मुलगी कोपऱ्यात चिंचोके मोजत होती, वीसपर्यंत वसाव्यांच्या बोलीत, पुढे मराठीत.

मी बाबांच्या ओट्यावरची रेघ त्यांना सांगितली आणि एवढेच म्हणालो की तीन आठवडे ही शाळेची मुदत आहे, तुमची नव्हे. तिथल्या मुख्याध्यापकांना पत्र लिहून आणखी दोन महिने मागून घ्या, इथे पाणी चढत नाही. त्या रात्री यजमानांनी पत्राचा मसुदा केला. सकाळी तो पुन्हा वाचायचा होता, परंतु धान्याची नाव आली, आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती वर न्यायला आम्ही तिघेही काठावर गेलो.