आमचा रविवार

‘संगणकावर काम करणाऱ्याला इतिहास घेऊन काय करायचंय?’ असे आमच्या एका काकांनी मला, मी एम. ए.ला नाव घातले तेव्हा, विचारले होते. त्यांना पटेल असे उत्तर तेव्हा सुचले नाही. सकाळी महाविद्यालयातले तास आणि दुपारी दोनपासून हिंजवडीतली नोकरी असा माझा दिनक्रम गेली दीड वर्षे चालू आहे. वाचन होते ते कंपनीच्या बसमध्ये. इतर प्रवासी मोबाइलवर डोळे लावून किंवा डोळे मिटून बसलेले असतात. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पुस्तक उघडून मीही पुष्कळदा झोपतो.

आमच्या कँटीनमध्ये सगळे विषय चालतात. क्रिकेट, फ्लॅटचे भाव, अमेरिकेचा व्हिसा. राजकारण निघाले की मात्र कोणीतरी हमखास म्हणतो, ‘सोड ना यार, आपल्याला काय करायचंय!’ आणि हे म्हणणारा गृहस्थ नुकताच दीड तास रस्त्यात अडकून आलेला असतो. ते आयटी पार्क उभारले औद्योगिक विकास महामंडळाने, भोवतालची गावे ग्रामपंचायतींची, आणि महापालिकेची हद्द अलीकडेच संपते. जून २०२५ मध्ये पावसाचे पाणी रस्त्यांवर तुंबले तेव्हा दाद कोणाकडे मागायची, यावर आमच्या बसमध्ये चार मते निघाली. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे शहराला नगरसेवकच नव्हते. आमच्या टेबलावर ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. निम्म्यांची नावे अजून लातूर-नांदेडच्या मतदारयादीत आहेत, हे एक कारण, पण एकच.

असो. सांगायचे आहे ते रविवारविषयी.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव बी. ए.ला परीक्षेतल्या टिपेपुरते वाचले होते. यंदा नीट वाचले. १८४८ साली जन्मलेला हा माणूस रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून पुढे मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाला. म्हणजे मागावर उभा राहणारा नव्हे. वह्या सांभाळणारा, लिहितावाचता नोकरदार. आपल्यासारखाच, असे म्हणण्याचा मोह होतो. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, आणि १८८० पासून ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला.

साडेपाच हजार सह्या! त्यांतले कित्येक अंगठेच असावेत.

आता आमचा रविवार. ज्यांचे काम आम्ही करतो ते लोक अमेरिकेत. त्यांचे काम खोळंबू नये म्हणून प्रणालीतला बदल त्यांच्या शनिवारी रात्री चढवायचा. तेव्हा इकडे रविवारची सकाळ असते. शिवाय आळीपाळीने प्रत्येकाकडे ‘ऑन कॉल’ असतो. म्हणजे फोन उशाशी घेऊन निजायचे. बदली सुट्टी कागदावर मिळते, पण मागायला गेले की ‘या महिन्यात रिसोर्स कमी आहेत’ असे उत्तर येते. रिसोर्स म्हणजे आम्ही. ‘कामगार’ म्हटले तर आम्हाला अपमान वाटतो. या शब्दाचे काहीच वाटत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही धरला होता, हे मी एकदा कँटीनमध्ये सांगितले. सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गटातल्या एका मुलीने अर्ज लिहिला. भाषा अगदी सौम्य. महिन्यातून दोन रविवार पूर्ण मोकळे असावेत आणि बदली सुट्टी त्याच महिन्यात मिळावी, एवढेच मागणे. आम्ही एकूण एकोणीस जण. सह्या झाल्या सहा. त्यांत माझी नाही. घराचा हप्ता आहे, वर्षाचे मूल्यमापन तोंडावर होते, आणि परदेशी पाठवायच्या यादीत माझे नाव आहे अशी कुणकुण होती. तिने कारण विचारले नाही. मी मात्र न विचारता सांगत बसलो.

त्याच आठवड्यात मी वर्गात लोखंड्यांवर निबंध वाचला. सरांनी ‘छान’ म्हटले. टाळ्या पडल्या तेव्हा मान वर करवेना. मध्यमवर्गीयांनी चळवळीकडे पाठ फिरवली, असे एक वाक्य मी त्यात मोठ्या ऐटीत घातले होते. काकांचा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा बोचला. इतिहास घेऊन मी खरोखरच काय केले होते?

अर्ज अजून गेलेला नाही. परवा तिने पुन्हा विचारले. मी म्हटले, ‘परीक्षा होऊ दे.’ हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा परीक्षा संपलेली असेल.