कॅशे साफ करणं हे नागरिकाचं काम नाही

संकेतस्थळ अडलं की आपल्याकडे एकच मंत्र ऐकू येतो : कॅशे क्लिअर करा. हेल्पलाइनवर तेच, बँकेच्या काउंटरवर तेच, ई-सेवा केंद्रात तेच. मी रत्नागिरीत संकेतस्थळं बनवण्याचं काम करतो. या धंद्यातला माणूस म्हणून स्वच्छ सांगतो, बहुतेक वेळा हा सल्ला म्हणजे स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारणं आहे. चूक संकेतस्थळ बनवणाऱ्याची असते आणि हेलपाटा पडतो तो लांज्याहून किंवा संगमेश्वरहून एसटीने आलेल्या माणसाला.

आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. एखादं पान उघडलं की त्यातली चित्रं, मांडणीच्या आणि प्रोग्रॅमच्या फायली ब्राउझर आपल्या यंत्रावर ठेवून देतो. पुढच्या वेळी त्या पुन्हा उतरवाव्या लागत नाहीत. पान लवकर उघडतं, डेटा वाचतो. घाटाखाली जिथे मोबाइलला जेमतेम दोन काड्या रेंज असते, तिथे या साठ्यामुळेच पान उघडतं. म्हणजे कॅशे हा कचरा नव्हे. ऊठसूट तो उडवायला सांगणारा माणूस गरिबाचा डेटा पॅक जाळायला सांगत असतो.

मग जुनी फाइल चिकटून का बसते? ती किती काळ ताजी मानायची हे सर्व्हरने सांगायचं असतं आणि तो सांगत नाही म्हणून. त्यासाठी ‘कॅशे-कंट्रोल’ नावाची एक ओळ असते. १९९७ साली एचटीटीपी १.१ चं प्रमाणक आलं तेव्हापासून ती उपलब्ध आहे. सर्व्हर गप्प राहिला तर ब्राउझरला अंदाज बांधावा लागतो. प्रमाणकातच सुचवलेला ठोकताळा असा की, फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला त्याच्या साधारण दहा टक्के काळ ती ताजी समजायची. १०० दिवस हात न लावलेली फाइल ब्राउझर पुढचे १० दिवस न विचारता वापरू शकतो. तेवढ्यात कुणी सर्व्हरवर नवी फाइल त्याच नावाने चढवली की घोळ झालाच. पान नवं, प्रोग्रॅम जुना, दोघांचं जमत नाही. ग्रामपंचायतीने फलकावर नोटीसच लावायची नाही आणि गावाने वाचली नाही म्हणून गावालाच दटावायचं, असा हा न्याय आहे.

गेल्या ऑक्टोबरात शहरातल्या एका केंद्रात हे डोळ्यांसमोर घडलं. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून एक बाई आल्या होत्या. अर्जात जिल्हा आला, तालुका आला, पण गावाची यादी रिकामी. यादीतून गाव निवडल्याशिवाय पुढचं बटण दबत नव्हतं. केंद्रातल्या मुलाने हेल्पलाइनला फोन लावला आणि अपेक्षित उत्तर मिळालं. त्याने कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबलं, ‘ऑल टाइम’ निवडलं, दिसतील त्या सगळ्या चौकटींवर खुणा केल्या आणि सगळं उडवलं. त्यात कुकीजही गेल्या, म्हणजे लॉगिन गेलं. पुन्हा आत शिरायला ओटीपी हवा. तो येणार नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा मासेमारीच्या बोटीवर. पहिला ओटीपी त्याने मिरकरवाडा बंदरातून फोनवर सांगितला होता. तोवर बोट रेंजबाहेर गेली होती. बाई हात हलवत परत गेल्या.

मी शेजारच्या संगणकावर तेच पान नेहमीच्या खिडकीत उघडलं. यादी रिकामी. मग जुना साठा न वापरणाऱ्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडलं, यादी भरली. म्हणजे जुन्या फाइलचंच दुखणं होतं. डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्कच्या रकान्यात पाहिलं तर फाइलचं नाव साधं, तिच्यासोबत कॅशे-कंट्रोलची ओळच नाही. त्या केंद्रातल्या मुलाला मी दोष देणार नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. दोष सांगणाऱ्याचा आहे.

यावरचा उपाय आमच्या धंद्यात नवशिक्यालाही शिकवतात. मुख्य पानाला ‘नो-कॅशे’ लावा. याचा अर्थ साठवू नका असा नाही, साठवा पण दर वेळी विचारून वापरा, असा आहे. बदल नसेल तर सर्व्हर ‘३०४’ एवढंच कळवतो आणि फाइल पुन्हा उतरत नाही. प्रोग्रॅमच्या फायली बदलल्या की त्यांचं नावही बदला. मग त्या खुशाल वर्षभर साठू द्या, कुणाचं काही बिघडत नाही. यासाठी नवा सर्व्हर लागत नाही की कोटीची निविदा काढावी लागत नाही. लागते ती फक्त कामाची चाड.

यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, पुरेसं कारण नसताना टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही होऊ शकतो. पण मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अर्जच दाखल झाला नाही तर घड्याळ सुरूच होत नाही! रिकाम्या यादीपाशी अडलेला माणूस सरकारच्या लेखी आलेलाच नसतो. त्याचा दिवस बुडाला, मजुरी बुडाली, याची कुठेही नोंद नाही.

‘५०२’ किंवा ‘५०४’ असा आकडा दिसतो तेव्हाही हाच मंत्र जपला जातो. ती बिघाडाची खूण सर्व्हरच्या बाजूची आहे. त्यासाठी आपल्या यंत्राची सफाई करायला सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि जिथे खरोखर सफाई हवी तिथे कुणी बोलत नाही. सार्वजनिक संगणकावर काम झालं की लॉगआउट करा, पासवर्ड ‘सेव्ह’ करू देऊ नका, शक्य तर इन्कॉग्निटो खिडकीतच काम करा. मुख्य म्हणजे डाउनलोड्सचा फोल्डर बघा. आधारच्या, पॅनच्या, सातबाराच्या पीडीएफ तिथे तशाच पडून असतात आणि कॅशे कितीही वेळा साफ केला तरी त्या जात नाहीत. त्या हाताने काढाव्या लागतात, रीसायकल बिनमधूनसुद्धा.

स्वतःच्या फोनवर एखादं पान अडलंच तर सगळं उडवू नका. आधी इन्कॉग्निटोत उघडून पाहा. संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून फक्त त्या संकेतस्थळाचा डेटा काढा. त्यात त्या एका ठिकाणचं लॉगिन जाईल, बाकीची शाबूत राहतील.

माझी मागणी सरळ आहे. सरकारी संकेतस्थळाचं बिल मंजूर करताना कॅशेची तपासणी ही लेखी अट असावी, ती न पाळणाऱ्या कंत्राटदाराचे पैसे रोखावेत. हेल्पलाइनवर ‘कॅशे क्लिअर करा’ असं सांगावं लागलं की तो बिघाड म्हणून नोंदवला जावा आणि तक्रारदाराला तक्रार क्रमांक मिळावा. तोवर तुम्ही एक करा. पुढच्या वेळी हा सल्ला मिळाला की सांगणाऱ्याला विचारा, तक्रार क्रमांक काय? तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नोंद झाली तरच दुरुस्तीची जबाबदारी कुणावर तरी पडेल.