स्क्रू कुठला घ्यायचा?

"तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग सांग, स्क्रू कुठला घालायला सांगू? इम्पोर्टेड की आपला?"

गेल्या मे महिन्यात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मामाने मला हा प्रश्न विचारला. आजी बाथरूममध्ये घसरून पडली होती. खुब्यात, फीमरच्या मानेला तडा गेला होता. नशिबाने हाड जागचं हललं नव्हतं. मशीन डिझाइनच्या पेपरात फ्लँजचे बोल्ट धडाधड सोडवणारी मी गप्प उभी राहिले.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की मामाचा प्रश्नच चुकला होता. आणि मित्रांनो, राग मानू नका, पण आपला सिलॅबससुद्धा आपल्याला तोच चुकीचा प्रश्न विचारायला शिकवतो.

आधी लोड बघू. एका पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन सांध्याच्या आतल्या बाजूला पडतं. तोल राखायला बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढतात. त्यांचा लिव्हर आर्म लहान, म्हणून त्यांना जोर जास्त लावावा लागतो. परिणाम काय, तर साधं चालतानासुद्धा सांध्यावर वजनाच्या साधारण अडीच पट लोड येतो. आजी 50 किलोची, म्हणजे 125 किलो! तोही तिरक्या मानेवर. तडा जितका उभा, तितकं शिअर जास्त, हे जर्मन सर्जन पॉवेल्स यांनी 1935 मध्येच मांडलं. तड्याचा कोन 50 अंशांच्या वर गेला की दोन तुकडे एकमेकांवर दाबले जाण्याऐवजी घसरू लागतात.

आता स्क्रू. आजीला तीन पोकळ स्क्रू घातले, समांतर, उलट्या त्रिकोणात. खालचा मानेच्या खालच्या कडक हाडाला टेकून. आटे फक्त टोकाला, आणि ते सगळे तड्याच्या पलीकडे गेलेच पाहिजेत. आटे तड्यावरच राहिले तर तुकडे एकमेकांकडे ओढलेच जात नाहीत. आणि समांतर का? तर हाड भरून येताना डोकं स्क्रूंवरून थोडं सरकून खाली दबावं म्हणून! आपल्याला शिकवलेलं असतं की जॉइंट हलला म्हणजे फेल. इथे मुद्दाम हलू देतात. मान थोडी आखूड होते, पण तडा मिटतो.

मग फेल काय होतं? बहुतेक वेळा स्क्रू तुटत नाही, त्याच्या भोवतालचं हाड हार मानतं. स्टीलचा इलॅस्टिक मॉड्युलस 200 गिगापास्कलच्या आसपास, टायटेनियमचा 110, आणि हाडाच्या कडक सालीचासुद्धा वीसच्या आत. आतलं जाळीदार हाड तर त्याहून कितीतरी मऊ, आणि म्हातारपणी आणखी पोकळ. भुसभुशीत भिंतीत कितीही भारी स्क्रू पिळा, भिंत भिंतच राहणार. म्हणून ब्रँडपेक्षा जागा महत्त्वाची. एकाच मोठ्या सरकत्या स्क्रूचं टोक डोक्याच्या शिखरापासून किती दूर आहे, यावरून तो हाड फाडून बाहेर येईल का याचा अंदाज बांधता येतो, हे 1995 मध्ये दाखवलं गेलं. मर्यादा आहे 25 मिलिमीटर. आणि 2017 मध्ये हजाराहून जास्त पेशंट्सवर हा मोठा स्क्रू आणि तीन छोटे स्क्रू यांची तुलना झाली, तेव्हा पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने आजीला वॉकर धरून उभं केलं तेव्हा घरात केवढा गोंधळ! "हाड जुळेपर्यंत झोपू दे ना तिला!" पण बेडपॅनसाठी कंबर उचलली तरी सांध्यावर चांगलाच लोड येतो, आणि झोपून राहिलं की फुप्फुसं आणि पाठीची कातडी बिघडते ती वेगळीच. स्क्रू आयुष्यभरासाठी नसतो. हाड जुळेपर्यंत तो फक्त वेळ काढून देतो.

आपल्याला ‘जॉइंट’ शिकवतात तेव्हा दोन्ही बाजूंना मेलेलं स्टील असतं. जिवंत, मऊ, बदलतं मटेरिअल एकदाही येत नाही. गंमत म्हणजे 1866 च्या सुमाराला झुरिकमध्ये कुलमान नावाच्या इंजिनिअरिंगच्या प्रोफेसरांनीच फीमरच्या कापातल्या रेषा बघून ओळखलं होतं, की या तर क्रेनमधल्या स्ट्रेसच्या रेषांसारख्या आहेत! त्यांना अ‍ॅनाटॉमीवाल्यांबरोबर उभं राहायला कमीपणा वाटला नाही. मग आपण लास्ट इयरला तीच ती घासून गुळगुळीत झालेली प्रोजेक्ट्स का करायची? एक इलेक्टिव्ह, शेजारच्या मेडिकल कॉलेजबरोबर एक प्रोजेक्ट, एवढं तरी मागू या.

मामाला मी शेवटी उत्तर दिलं: "स्क्रू कुठला हे विचारू नकोस, कुठे बसला ते एक्स-रेवर विचार. आणि बाथरूममध्ये दोन हँडल्स लाव." हँडल्स त्याच रविवारी लागली. भिंतीत ड्रिल मीच मारलं. आधी प्लॅस्टर ठोकून बघितलं, मगच!