यादीत नसलेलं नाव

जून आला, की आमच्या लालबाग-परळमध्ये घरोघरी एकच धावपळ. लेकीची अ‍ॅडमिशन, फी, हॉस्टेल! सुरक्षिततेचा विषय मात्र 'सातच्या आत घरात' एवढ्यावरच संपतो.

२०१८ मध्ये केंद्राने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. सुरुवातीलाच सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी! ती फक्त पोलिसांना पाहता येते. अमेरिकेसारखी ती सगळ्यांना खुली करा, असं बऱ्याच जणी म्हणतात. पण मैत्रिणींनो, अशा यादीत नाव येतं ते शिक्षा झालेल्याचं.

आपल्या परळच्याच केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने अत्याचार केला. २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती अंथरुणालाच खिळून होती. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल. बलात्काराचा गुन्हा दाखलच झाला नव्हता. म्हणजे आजची यादी तेव्हा असती, तरी त्याचं नाव तिच्यात नसतं!

जून २०२३ मध्ये चर्नी रोडजवळच्या सरकारी वसतिगृहात विद्यार्थिनीचा खून झाला. संशयित तिथेच काम करणारा, रोजच्या पाहण्यातला.

तेव्हा यादीआधी तक्रार हवी. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. फी भरताना खिडकीवरच विचारा : समितीत कोण आहे? फोन नंबर काय? वॉचमनची पोलीस पडताळणी झाली का?

आणि लेकीला सांगा, "काही घडलं तर आधी मला सांग. बदनामी तुझी नाही, त्याची!"