फेरखटल्याची वेळच का येऊ द्यायची?

जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. तो जिल्हा, सबंध मराठवाडा आणि खानदेश आपल्या शहरातील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या कक्षेत येतो. त्यामुळे असा खटला पुन्हा चालवता येतो का, हा प्रश्न इथल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे.

एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नको, असे संविधानाचा अनुच्छेद २०(२) सांगतो. निर्दोष सुटलेल्यालाही त्याच आरोपावरून पुन्हा कोर्टात खेचता येत नाही. हे संरक्षण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ मध्ये आहे. ते हवेच. नाहीतर सरकारच्या मनात येईल त्याला जन्मभर तारखांना हेलपाटे घालावे लागतील. मात्र निकालावर अपील झाले, तर उच्च न्यायालय फेरखटल्याचा आदेश देऊ शकते. हे अपील सरकार करू शकते आणि २००९ च्या अखेरपासून पीडिताचे कुटुंबही.

अमेरिकेत ज्युरीचे एकमत झाले नाही तर खटला पुन्हा चालतो. पण ज्युरीने निर्दोष ठरवले की विषय कायमचा संपतो. आपल्याकडे ज्युरी होती तेव्हाही तसे नव्हते. १९५९ मध्ये खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

फेरखटल्याचे ठळक उदाहरण २००२ च्या गुजरात दंगलीतील बडोद्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाचे. २००३ मध्ये सर्व २१ आरोपी सुटले. खटला नावापुरताच चालला, असे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला. २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले. त्यातले पाच २०१२ मध्ये उच्च न्यायालयातून सुटले. म्हणजे न्यायाला दहा वर्षे लागली आणि त्या पाच जणांची उमेदीची वर्षे वाया गेली. फेरखटल्याची किंमत ही अशी दोन्ही बाजूंना मोजावी लागते. म्हणून तो केवळ खटल्याचे सोंग झाले असेल तेव्हाच व्हावा. तपासातला ढिसाळपणा झाकण्यासाठी नव्हे.

मुळात साक्षीदार फितूर का होतो, तेही पाहायला हवे. गावचा साक्षीदार ज्या एसटीने कोर्टात येतो, तिच्यातच आरोपीचे भाऊबंद बसलेले असतात. कोर्टाच्या व्हरांड्यात तेच समोर उभे असतात. संध्याकाळी त्याला त्याच गावात परतायचे असते. पिंजऱ्यात उभा राहून तो ‘मला काही माहीत नाही’ म्हणाला, तर दोष एकट्या त्याचा कसा?

महाराष्ट्राने २०१७ मध्येच साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. त्याचा आधार गावच्या साक्षीदाराला समन्स मिळताच मिळाला पाहिजे. महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे लवकर नोंदवा, धोका असेल तिथे साक्ष व्हिडिओद्वारे घ्या आणि सरकारी वकिलांना तयारीला वेळ द्या. पहिलाच खटला निर्भयपणे चालवणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि त्याचा जाब सरकारलाच विचारला पाहिजे.