दादाची जुनी नाव

आमच्या नांदगाव खंडेश्वरला समुद्र नाही, हे भूगोलाच्या पहिल्या धड्यातच कळते. बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडीत बसावे, साडेसहाशेहून अधिक किलोमीटर रुळांवर खडखडत जावे, तेव्हा कुठे मुंबईचा समुद्र दिसतो. आमच्याकडे कपाशी, तूर, सोयाबीन आणि टेकडीवरचे खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ. अशा गावातल्या एका घरात गेले सहा महिने होडीखेरीज दुसरा विषय नाही, असे सांगितले तर वाचक म्हणतील, प्राध्यापकमजकुरांनी यंदा दिवाळीचा फराळ जरा लवकरच केलेला दिसतो!

झाले असे. माझे थोरले बंधू, आमचे दादा, पंचवीस वर्षे इंग्लंडात आहेत. वय चौपन्न. मुले मार्गी लागली. मे महिन्यात त्यांचे पत्र आले. (दादा अजून पत्र लिहितात, हा त्यांचा पहिला विक्षिप्तपणा.) त्यात लिहिले होते की, नोकरी सोडून ते व वहिनी एक वापरलेली शिडाची नौका विकत घेणार आहेत, तिच्यातच राहणार आहेत आणि होता होईल तो तिच्यातूनच हिंदुस्थानात येणार आहेत. हा दुसरा विक्षिप्तपणा. तिसरा शेवटच्या चार ओळींत होता. पैसे थोडे कमी पडतात, तेव्हा वडिलोपार्जित शेतातला आपला वाटा त्यांना विकायचा होता. सातबाऱ्यावर आईचे, दादाचे आणि माझे अशी तीन नावे आहेत. “तू घेतलास तर उत्तम; नाहीतर गिऱ्हाईक पाहा,” असे त्यांनी लिहिले होते.

मी घ्यायचा म्हणजे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीला हात घालायचा. न घ्यावा, तर बाबांनी खोदलेल्या विहिरीच्या पाण्यावर परक्या माणसाचा हक्क. आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि म्हणाली, “तू शिकेल मानूस हायेस. त्याले समजावून सांग.”

समजावून सांगायचे तर आधी आपल्याला समजले पाहिजे. मराठी शिकवणाऱ्या माणसाचे नौकाज्ञान ते किती! नाळ, वरांडी, सुकाणू, डोलकाठी हे शब्द मला येतात. पण कोकणातल्या पोराने ते होडीत शिकलेले असतात, मी कोशात शिकलो. तरी पुस्तके मागवली, दादांना प्रश्नांमागून प्रश्न लिहिले, आणि खोटे कशाला बोलू, भावाला परावृत्त करण्यासाठी वाचायला बसलेला मी रात्री बारा-बारापर्यंत वाचू लागलो.

पहिला धक्का असा बसला की, जुनी नाव घेणे हा वेडेपणा नसून बरीचशी रीतच आहे. आपल्या देशाच्या शिडाच्या नौकेने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती १९८५ ते १९८७ या काळात. लष्कराच्या इंजिनिअर दलातील अधिकाऱ्यांची ‘तृष्णा’ ही ती नौका. सदतीस फुटांची आणि इंग्लंडात विकत घेतलेली, म्हणजे शुद्ध मराठीत ‘सेकंडहँड’. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती मुंबईहून निघाली आणि १० जानेवारी १९८७ रोजी परत आली.

दुसरी गोष्ट तर आमच्या मुंबईच्याच सुतारांची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण मुंबईला जहाजावर नोकरीत असताना त्याने सागवानाची बत्तीस फुटी ‘सुहेली’ इथे बांधून घेतली. पुढे एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर झाली, तेव्हा गड्याला हवी होती मोठी, नवी पोलादी नाव. तिच्यासाठी जुनी सुहेली विकायलाही तो निघाला होता. पण नव्या नावेला पैसा कोणी देईना. मग तीच जुनी घेऊन तो १४ जून १९६८ रोजी निघाला. वाटेत नावेच्या अंगातून पाणी झिरपू लागले, तेव्हा भर समुद्रात बुडी मारून याने पाण्याखालची फट बुजवली. प्यायचे पाणी नासले, तेव्हा पावसाचे साठवले. रेडिओ बंद पडला. सुकाणू आपोआप धरणारी यंत्रणा मोडली. २२ एप्रिल १९६९ रोजी तो परत आला, तेव्हा नऊ स्पर्धकांपैकी प्रवास पुरा करणारा तो एकटाच होता.

या नॉक्स-जॉन्स्टनकडेच पुढे शिकायला गेले आपले कमांडर दिलीप दोंदे. त्यांच्या मागे उभे होते निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. हे आवटी निवृत्तीनंतर राहत कुठे? फलटणजवळच्या विंचुर्णीला! तिथेही समुद्र नाही. त्या माळावर बसून या म्हाताऱ्याने ध्यास घेतला की, भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीला फेरी घातली पाहिजे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात छप्पन फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात दोंद्यांनी चार ठिकाणी थांबून फेरी पुरी केली. मग तीच नाव, आता वापरलेली, घेऊन अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता पाच महिन्यांनी परतले. आवटी २०१८ साली वारले. हे वाचले त्या दिवशी मी विंचुर्णी नकाशावर शोधून पाहिली आणि मला उगीचच आपल्या नांदगावचा अभिमान वाटला. का, ते विचारू नका.

परंतु हे सारे शूर लोक. आमच्या दादांना शौर्य नको, सुख हवे. वहिनींची अट तशीच आहे: झोपायला नीट जागा, स्वयंपाकाला नीट ओटा. आणि इथेच गंमत आहे. बंदरात जी नाव सुखाची वाटते ती समुद्रात सुखाची असतेच असे नाही. ऐसपैस पलंग धक्क्याला बांधलेल्या नावेत छान. लाटांवर त्याच पलंगावरून माणूस रात्रभर इकडून तिकडे लोळतो. समुद्रात हवी अरुंद बिछायत आणि तिच्या कडेला बांधलेले कापड, लहान मूल पडू नये म्हणून आपण लोड लावतो तसे. हाताशी सतत काहीतरी धरायला हवे, फर्निचरचे कोपरे गोल हवेत. हलकी, चपट्या तळाची नाव वेगाने जाते पण आपटते. जड, खोल कण्याची नाव सावकाश जाते आणि आईच्या मांडीसारखी डुलते. म्हणून पोक्त जोडपी पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बांधणीची जड नाव पसंत करतात.

आता खरेदी. हे वाचताना मला पदोपदी बाबांबरोबर पाहिलेला बैलबाजार आठवला. बाबा बैलाचे दात पाहत, खूर पाहत, चार पावले चालवून पाहत. विकणाऱ्याच्या बोलण्याकडे मात्र बिलकूल पाहत नसत. नावेचेही तसेच. तिला पाण्याबाहेर काढून एक तज्ज्ञ लहानशा हातोडीने तिच्या सर्वांगावर टकटक करतो. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत ओल शिरलेली. फायबरग्लासच्या अंगावर पाण्याने फोड आले आहेत का, कण्याचे बोल्ट गंजले आहेत का, हे पाहतो. डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा वरून लख्ख दिसतात, पण दहाबारा वर्षांनी त्या बदलाव्याच लागतात. तुटली तर ती तार सांगून तुटत नाही. मालक म्हणतो, “गेल्याच वर्षी रंग दिलाय.” आमच्या बाजारात शिंगांना रंग कोण देतो, ते आम्हाला ठाऊक आहे!

मी हे सारे दादांना लिहिले आणि बैलबाजाराचा दाखलाही दिला. त्यांनी पसंत केलेली एकेचाळीस फुटी नाव तज्ज्ञाने तपासली. डेकच्या पोटात ओल निघाली, तारा चौदा वर्षांच्या निघाल्या. दादांनी ती सोडली. तपासणीचे पैसे मात्र गेले. मला वाटले, संपले वेड. पंधरा दिवसांनी पत्र: दुसरी सापडली आहे, छत्तीस फुटी, आणखी जुनी, पण अंगाने ठणठणीत. स्वस्तही. वाट्याची किंमत त्यांनी आपण होऊन कमी केली होती.

पत्र आईला वाचून दाखवले. कॅनरी बेटांवरून व्यापारी वाऱ्यांच्या आधाराने अटलांटिक ओलांडायचा, सुमारे तीन आठवडे. पुढे पनामा, पॅसिफिक, आणि सारे जमले तर कोचीला उतरायचे. आईने महासागरांची नावे शांतपणे ऐकली. मग तिने एकच विचारले, “पानी किती मावते तिच्यात?”

तीनशे लिटर, मी म्हणालो. तिने बोटांवर हिशेब केला. दोन माणसे, एकवीस दिवस. माणशी दिवसाला सात लिटर. भांडी समुद्राच्या पाण्याने घासतात, हेही मी सांगितले.

“बहात्तर सालच्या दुष्काळात याहून कमी पान्यात घर चालोलं म्या,” ती म्हणाली. “तवा थो माह्या कडेवर होता.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मला जे समजावून सांगायचे होते ते सारे माझ्या तोंडातच राहिले. ती नको म्हणाली असती, तर मी नको लिहिणार होतो. पत्राचा मसुदाही तयार होता.

ठेव मोडली ती नवरात्रात. मुलीला आधी विचारले. ती म्हणाली, “काकांना म्हणावं, मला एकदा न्या.” पुढच्या दोन वर्षांची फी कशी उभी करायची, याचे गणित मी अजून मांडतोच आहे.

हक्कसोडीचा कागद आला, तेव्हा आईने चष्मा पदराने पुसला आणि जिथे मी बोट ठेवले तिथे सावकाश सही केली. पेन ठेवून म्हणाली, “अन् चूल कशी पेटवते रे सून, त्या हलत्या घरात?”

मी सांगितले की, शेगडी दोन्ही बाजूंनी टांगलेली असते, पाळण्यासारखी. नाव कितीही कलली तरी भांडे सरळच राहते.

“मंग दूध उतू जात नसन,” आई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.